गुरुवारचा रविवार

गुरुवार

"आवं सोजराबाई, दत्ताला हार कुटं घालू?"

शेजारची अंबूबाई झेंडूचा हार घेऊन दारात उभी. आत पेटी, टाळ, दाटीवाटीनं बसलेली पंधरा माणसं. भिंत मात्र मोकळी.

"दत्ताचं न्हाई, येशूचं भजन हाय," सोजराबाई म्हणाली.

"मग गुरवारी कसं?"

"कंपनीला सुट्टी गुरवारीच नव्हं का!"

अंबूबाईनं मोकळ्या भिंतीकडे पाहिलं. हार पेटीला घातला आणि मांडी ठोकून बसली. "चालू द्या."

त्याआधीचे सगळे रविवार

भोसरीच्या कारखान्यांना रविवारची सुट्टी नसते. राहुरीकडून आलेल्या सोजराबाई पारधेला हे कँटीनमध्ये लागल्यावर कळलं. नवरा नुकताच गेलेला, नोकरी सोडण्यासारखी नव्हती. रविवारचं चर्च चुकतं म्हणून पहिले काही महिने ती देवाशी भांडली. मग एका रविवारी कणकेत हात घालून म्हणाली, "बरं बाबा. तू ठेवशील तिथं." आणि लाटता लाटता गायला लागली. रविवारी चपात्या मऊ होतात, असं मशीनशॉपमधली पोरं म्हणू लागली.

गुरुवारी तिच्या खोलीत चार ख्रिस्ती घरं जमू लागली. गाणी झाली, प्रार्थना झाली. येशूच्या आठवणीत पाव मोडून द्राक्षरसासोबत वाटून घ्यायचा, ते प्रभुभोजन तेवढं राहिलं. त्याला पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू लागतो, आणि पुण्याचे पाळकसाहेब म्हणायचे, "प्रभूचा वार रविवार. चर्चला या, बाई." चार वर्षं तो घास तिच्या हातावर पडला नव्हता.

ईस्टरचा रविवार

चर्चला जायचं म्हणून पांढरं लुगडं आदल्या दिवशीच धुऊन ठेवलेलं. कँटीनचे मुकुंदराव डोकं खाजवत म्हणाले, "मावशी, रजा कशी देऊ? दुसरी बाई बाळंतपणाला गेलीय. पण असं करा, पोट दुखतंय म्हणा. मी काही विचारत नाही."

सोजराबाई दाराकडे बघत राहिली. पुण्याची बस कोपऱ्यावरूनच सुटायची.

"साहेब, त्याच्या ताटावर बसायला खोटं बोलून जाऊ? घास उतरायचा न्हाई."

"मग?"

"मग काय! कणीक आणा."

त्या दिवशीही ती गायली. मधे एकदा ओळ अर्धीच राहिली, तेव्हा तिनं लाटणं जोरात चालवलं.

"काय हट्टी बाई आहे!" मुकुंदराव पुटपुटले आणि शिफ्ट सुटताच स्कूटरला किक मारली.

पुन्हा तोच गुरुवार

हार घातलेली पेटी वाजत होती, गाणं ऐन रंगात होतं, आणि दारात घामाघूम पाळकसाहेब.

"सलाम, साहेब!" सगळे उठले.

"सलाम. बसा, बसा. सोजराबाई, तुमचे ते मुकुंदराव दारात येऊन भांडले हो माझ्याशी! म्हणाले, आमची बाई देवापायी खोटं बोलत नाही, आणि तुम्ही देवापायी एक बस पकडत नाही?"

खोली हसली. साहेबांनी पिशवीतून द्राक्षरसाची बाटली काढली, पेला काढला. मग हात पिशवीत फिरतच राहिला.

"पाव बसमध्येच राहिला."

अंबूबाईनं स्टोव्हपाशी ठेवलेल्या टोपल्याकडे बोट केलं. "आन् ह्या एवढ्या चपात्या काय बघायला ठेवल्यात?"

साहेब मोठ्यानं हसले. एक चपाती उचलली, डोळे मिटले, देवाचे उपकार मानले, मोडली.

सोजराबाई तोवर सवयीनं मागे, स्टोव्हपाशी जाऊन बसली होती. कँटीनमध्ये ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. साहेब माणसांमधून वाट काढत थेट तिच्यापाशी आले.

"सगळ्यांचं होऊ द्या की आधी," ती म्हणाली.

"उठू नका, बाई. आज मी वाढतोय."

तिनं पांढऱ्या पदराला हात पुसले. नखांच्या कडेची कणीक निघेना. पुन्हा पुसले. मग तसेच दोन्ही तळवे पुढे केले.

शेजारी अंबूबाईनं, कुणी न सांगता, डोक्यावर पदर घेतला.