पाळकांचं पाणी

वस्तीत चर्चला कुणी चर्च म्हणत नसे. बाया "पंपावर जाऊन येते" म्हणायच्या आणि घरच्यांना कळायचं. पंप चर्चच्या अंगणात होता. चर्च म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. आतली बाकं मंडळीतल्या सुताराने कारखान्याच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केली होती. त्यातल्या एका बाकाच्या पाठीवर "उलटे ठेवू नये" हे छापील शब्द अजून वाचता येत. लांबलचक उपदेशाला पेंगणाऱ्यांना मुद्दाम त्याच बाकावर बसवायचं, अशी सुताराची जुनी थट्टा होती.

पंप बसण्याआधी सगळी वस्ती कारखान्यामागच्या तळ्याचं पाणी प्यायची. दर उन्हाळ्यात मुलांना जुलाब-उलट्या व्हायच्या आणि दर उन्हाळ्यात काही मुलं जायची. पाळक आणि पाळकीणबाई इथे नवीन आले तेव्हा त्यांची मुलगी नुकती चालायला लागली होती. त्याच उन्हाळ्यात तीही गेली. तिला पुरून आल्यावरच्या रविवारी पाळक बोलायला उभे राहिले, पण उपदेश काही केला नाही. म्हणाले, "मला आता काही सुचत नाही. एवढंच कळतं, की आपण बोअर मारायची."

आणि मारली. मंडळीने वर्षभर जमवाजमव केली. बायांनी डोक्यावरून दगड वाहिले, सुताराने आणि त्याच्या भावाने ओटा बांधला. पाणी लागलं ते थंडगार, काचेसारखं नितळ, चवीला गोड. पाळक चिखलात गुडघे टेकून मोठ्याने रडले आणि त्यांनी देवाचे आभार मानले. मंडळीतल्या कित्येकांनी पाळकांना रडताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं काम पाळकीणबाईंनी अंगावर घेतलं. त्या घरोघरी गेल्या. "तळ्याचं पाजू नका गं पोरांना, आमच्याकडून न्या. चर्चला यायची अट नाही." आधी बाया हसल्या, मग एकीचं पाहून दुसरी आली. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत एकही मूल गेलं नाही. तळं ओस पडलं. कारखान्याने त्यात राडारोडा टाकून ते बुजवलं आणि वर गोदाम बांधलं. कुणी हूं की चूं केलं नाही. तळं हवं होतं कुणाला?

ज्यांना पंपापर्यंत येववत नसे त्यांच्या दारात मंडळीतलं एकेक घर पाळीने घागर पोचवायचं. म्हातारे, आजारी, बाळंतिणी, कुणी उपाशी राहील पण तहानलेलं राहणार नाही, असा पाळकीणबाईंचा दंडक होता. बाराखडी आजीकडे त्या स्वतः जात. चर्चच्या प्रौढांच्या वर्गात म्हातारपणी अक्षरं शिकली म्हणून तिला हे नाव पडलं होतं. आता ती अंथरुणाला खिळली होती. ती मंडळीत कधीच आली नाही. "देव तुमचा, पाणी माझं," असं म्हणून ती बोळकं पसरून हसायची. पाळकीणबाईंना त्याचा राग येत नसे. त्यांना पुन्हा मूल झालं नाही. हीच सगळी आपली लेकरं, असं त्या म्हणत, आणि त्यांना ते खरंच वाटे.

अशी बरीच वर्षं गेली.

पाळकांची धाकटी बहीण शहरातल्या एका दवाखान्यात परिचारिका होती. एकदा ती चार दिवस विसाव्याला म्हणून भावाकडे आली. जेवणाआधी घरात एकमेकांचे हात धरून प्रार्थना करायची पद्धत होती. पाळकांनी "आमेन" म्हटलं तरी तिने भावाचा हात सोडला नाही. उलटा करून पाहिला.

"दादा, हे काय झालंय?"

तळहातावर मोहरीएवढ्या टणक गाठी होत्या, जागोजागी. "अगं, घट्टे आहेत. पंप मारून मारून झालेत. सगळ्यांनाच आहेत."

"सगळ्यांना?" तिने वहिनीचा हात ओढून घेतला. तिथेही त्याच गाठी. मग वहिनीच्या गळ्याखालची कातडी पाहिली. पावसाचे थेंब धुळीत पडावेत तसे काळसर आणि पांढुरके ठिपके.

"माझ्या वयाला शोभतात ते," पाळकीणबाई म्हणाल्या. नणंद हसली नाही. जेवण तसंच टाकून ती चपला घालून वस्तीत गेली. सुताराचे हात पाहिले, त्याच्या सुनेचे पाहिले, बाराखडी आजीचे तळपाय पाहिले. ते झाडाच्या सालीसारखे फाटले होते. सुताराची बायको मागच्याच वर्षी पोट फुगून गेली होती. तेही तिने खोदून खोदून विचारलं. चार दिवसांचा मुक्काम सोडून ती दुसऱ्याच दिवशी परतली. पिशवीत पंपाच्या पाण्याची बाटली होती.

ती पुन्हा आली तेव्हा दुपार होती. पाळक ओट्यावर शेवाळ घासत होते, पाळकीणबाई घागर भरत होत्या. ती ओट्याच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "दादा, पाणी तपासून घेतलं. त्यात सोमल आहे, आर्सेनिक."

"कुणी टाकला?" त्यांनी पटकन विचारलं.

"कुणी नाही. जमिनीतच आहे. खालच्या थरातून येतो. वास नाही, चव नाही. रोज थोडा थोडा अंगात साठतो. आधी हातापायाला दिसतो. मग आत जातो, लिव्हरमध्ये, फुप्फुसात."

"उकळून घेतलं तर?" पाळकीणबाईंनी विचारलं.

"उकळून जात नाही, वहिनी. पाणी आटतं, तो तेवढाच राहतो."

"मग औषध?"

"पाणी बंद करणं, एवढंच."

पाळकांच्या हातातला काथ्या खाली पडला. पाळकीणबाई आत गेल्या. त्यांना घरं आठवत होती. ज्या घरांची दारं त्यांनी स्वतः ठोठावली होती ती. ज्यांना चालवत नव्हतं, त्यांच्यापर्यंत तर त्यांनी ते आपल्या हातांनी नेलं होतं. ज्यांची काळजी जास्त घेतली, त्यांनाच जास्त पाजलं.

रविवारी पाळकांनी सगळं सांगितलं. शब्द न फिरवता, कुठल्याही वचनाचा आधार न घेता. मग मागून कुणीतरी म्हणालं, "पण चव तर गोड आहे."

सुतार उठला. "साहेब, ते पाणी पिऊन माझी दोन मुलं मोठी झाली. आणि बायको गेली. मी काय समजू?"

उपासना संपल्यावर पाळकांनी आणि सुताराने मिळून पाना लावला आणि पंपाचा दांडा काढला. पाळकांनी तो घरात नेऊन पलंगाखाली ठेवला.

पाळक पाणीखात्याच्या कचेरीत खेटे घालू लागले. शेवटी दोन माणसं आली, त्यांनी पंपाला लाल रंग फासला, "हे पाणी पिऊ नये" असं लिहिलं आणि निघून गेली. मग काय प्यावं, ते लिहिलं नव्हतं. टँकर येतो म्हणाले. कधी यायचा, कधी नाही. कारखान्याच्या फाटकाशी एक नळ होता. त्याचं पाणी चांगलं, पण ते सकाळी थोडा वेळ, तेही पहारेकऱ्याची लहर असेल तर. मंडळीतल्या तरुणांनी सायकलींना कॅन बांधून खेपा सुरू केल्या. आधी हौसेने, मग नेटाने, मग एकेक जण कामाची सबब सांगू लागला. त्यांचंही खोटं नव्हतं. कॅनभर पाण्यात वस्ती कशी भागणार? तहानलेली माणसं गोदामामागच्या चरातलं पाणी फडक्याने गाळून पिऊ लागली.

"म्हण ऐकली होती, इकडे आड तिकडे विहीर," सुतार एकदा म्हणाला. "आपल्याकडे तर दोन्ही बाजूंनी विषच."

उन्हाळ्यात त्याच्या मधल्या नातवाला जुलाब लागले. पाळकीणबाई दिवसभर त्याच्या उशाशी मीठ-साखरेचं पाणी चमच्याने घालत बसल्या. ते पाणी कारखान्याच्या नळाचं होतं. पोराच्या पोटात ते ठरलं नाही. संध्याकाळच्या आत तो गेला.

पुरून आल्यावर सुतार घरी गेलाच नाही. सरळ पाळकांच्या दारात आला. मागे बाया होत्या, मंडळीतल्या आणि बाहेरच्याही.

"साहेब, दांडा द्या."

"अरे, काय मागतोस ते कळतंय का तुला?"

"कळतंय. म्हातारपणी मरायचं असेल तर मरू की. पण आधी म्हातारं तरी होऊ द्या पोरांना."

मागून एक बाई ओरडली, "तळं सोडा म्हणून तुम्हीच सांगितलंत! आता पंप सोडा म्हणता. धरायचं काय ते सांगा ना!"

पाळकांनी पाळकीणबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, पण होकार की नकार, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पाळक आत गेले. पलंगाखालून दांडा काढला. सुताराच्या हातात दिला नाही. "नको. मीच लावतो," म्हणाले. स्वतः पाना फिरवला, स्वतः पंप मारला. पहिली घागर भरली. कुणी आभार मानले नाहीत. रांग लागली.

पुढच्या रविवारी पाळक बोलायला उभे राहिले, तोंड उघडलं आणि परत खाली बसले. गीत संपवून माणसं गेली. त्यानंतर येणारे कमी होत गेले. भांडण असं कुणाशी झालं नाही. पाणी भरून माणसं तशीच घरी जात, एवढंच.

पावसाळ्यानंतर पाळकांचे डोळे पिवळे झाले. पोट फुगलं. नणंद आली, तिने तपासलं आणि परसदारी जाऊन तोंडावर पदर धरला. पाळकांना सगळं कळत होतं.

"एक विचारू का, अहो?" एका दुपारी पाळकीणबाईंनी म्हटलं. "रागावणार नाही ना?"

"विचार."

"देवाला ठाऊक होतं का हो? पाणी लागलं तेव्हा?"

"मी त्या दिवशी आभार मानले होते," ते म्हणाले. "ते परत कसे घेऊ, तेच मला कळत नाही. रोज प्रयत्न करतो. येत नाही." मग थोड्या वेळाने, "तू मात्र नणंदेबरोबर जा शहरात. इथे राहू नकोस."

ते गेले तेव्हा शवपेटी सुतारानेच केली. त्याने हात मोडेपर्यंत रंधा मारला. बायांनी अंघोळीचं पाणी तापवलं. पंपाचंच. दुसरं होतं कुठलं? मातीला पुष्कळ लोक आले. मंडळीत पाय न टाकणारेही आले. बाराखडी आजीला दोघांनी खुर्चीवर उचलून आणलं. "पोरी," ती पाळकीणबाईंना म्हणाली, "माझ्याकडे रोज येत होतीस, ते बंद करू नकोस. पाणी कसलंही आण. नुसती आलीस तरी चालेल." आणि खुर्चीतच अंगाचं मुटकुळं करून रडली.

नणंदेने सामान बांधायला घेतलं. "वहिनी, चल. माझ्याकडे एक खोली आहे. नळाला चांगलं पाणी आहे."

"तिथे मी कुणाला पाणी देऊ?"

"कुणालाच देऊ नकोस! आयुष्यभर पाजलंस ते पुरे झालं नाही का?" बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पाळकीणबाईंना मात्र ते लागलं नाही. त्या स्वतःला याहून कठोर बोलत आल्या होत्या.

नणंद एकटीच परत गेली. जाताना वहिनीला तिने घट्ट मिठी मारली आणि "महिन्याने येते" म्हणाली. येणार हे दोघींना ठाऊक होतं, आणि आल्याने काही होणार नाही हेही.

आता पाळकीणबाई सकाळी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहतात. पहारेकरी त्यांना ओळखतो. एक कॅन भरू देतो. त्या तो छोट्या हातगाडीवर ढकलत आणतात, ओट्याच्या कडेला बसतात आणि अंगावरच्या, रांगत्या, नुकत्या चालणाऱ्या मुलांना एकेक पेला देतात. तेवढ्यांपुरतंच असतं ते. कधी तेवढंही पुरत नाही.

एके दिवशी सुताराची सून धाकट्याला घेऊन आली. सोबत थोरली मुलगी होती, शाळेच्या वयाची. धाकट्याने पेला संपवला. थोरलीने हात पुढे केला.

"मला?"

पाळकीणबाईंनी कॅन तिरपा करून पाहिला. मागे अजून तीन आया कडेवर लेकरं घेऊन उभ्या होत्या.

"तुला नाही पुरणार गं बाळा."

मुलगी रुसली नाही. मान डोलावून ती दांड्याला लोंबकळली आणि पंप मारू लागली. आईने धारेखाली लावलेली घागर भरली तशी तिला तोंड लावून घटाघटा प्यायली.

पाळकीणबाईंनी पुढच्या लेकराचा पेला भरला.