चारही पहिलीच

धुळ्यात पांझरेच्या काठी जीवराम नानांचा सुतारखाना होता आणि तिथे कामाचा दर काढणारा पितांबर इतका अबोल होता, की सुतारांना त्याच्यापेक्षा रंधा बोलका वाटे.

जळगावच्या एका नव्या शाळेने चाळीस बाके मागवली, तेव्हा त्याने एक धाडस केले. पहिल्या बाकाला जी मजुरी पडेल, तीच चाळिसांना न लावता त्याने हात बसण्याचाही हिशेब धरला. नग दुप्पट झाले की एका नगाचा वेळ पाचव्या हिश्श्याने उतरतो, हे त्याने मागे कौतिक मिस्त्रीच्या खिडक्यांच्या कामात टिपले होते. दर कमी निघाला, काम मिळाले. आता वेळ उतरला नाही, तर तोटा नानांच्या माथी येणार होता.

आणि वेळ काही उतरेना. दुसरे, तिसरे बाकही पहिल्याइतकेच रेंगाळले. पितांबरभाऊंच्या कागदावरचे बाक लवकर होते, कारण त्याला लाकूड लागत नाही, असे कौतिक म्हणाला आणि सगळे हसले. पितांबरही हसला, पण संध्याकाळी पांझरेचे पाणी पाहताना त्याला वाटले, एरंडोलला घरी परतावे आणि पुन्हा म्हणून कशाचा दर काढू नये.

चौथे बाक वना सुताराकडे आले. त्याने नमुना उलटापालटा केला आणि खाच कुठे घ्यायची, ते कौतिकला विचारले. पितांबर जागीच थबकला. नवे काम म्हणजे प्रसाद, तो सर्वांच्या हाती पडावा, ही नानांची रीत. म्हणून एकेक सुतार पाळीने एकेक अख्खे बाक करीत होता. खिडक्या मात्र कौतिकने एकट्याने केल्या होत्या.

चूक नानांच्या रीतीत होती आणि ते नानांनाच सांगायचे होते. घोकलेले वाक्य ऐनवेळी विसरले.

"नाना, चार बाकं झाली, पण चारही पहिलीच झाली."

करवत थांबली. प्रत्येकाने एकेकच केले, मग हात बसणार कुठे, हे त्याने अडखळत समजावले. मग सगळा प्रसाद एकट्यानेच खायचा का, असे नानांनी विचारले.

"नाही. कौतिक मिस्त्रींनी फक्त पाय करावेत, वनाभाऊंनी फळ्या. उरलेल्या दोघांनी सांधे जुळवावेत. प्रत्येक बाकात चौघांचा हात राहील."

नानांनी चष्मा पुसला. "तुले तोंड बी शे, हाई आज समजनं रे."

आठवडाभरात वेळ हिशेबाच्याही खाली उतरला. वनाच्या फळ्यांचा ढीग कौतिकच्या पायांची वाट पाहू लागला.

"मिस्त्री, पाय कोठे शेतस? का बाकले मांडी घालीसन बसाडनं शे?" वना म्हणाला.

पितांबर मोठ्याने हसला. ते नवे हसू ऐकायला रंधा क्षणभर गप्प झाला.