संत लाब्रोचे अश्रू

आमच्या गावात माणसं तापानं मरत होती, आणि गाव एका दगडाचे अश्रू पीत होतं.

चर्चच्या मागच्या भिंतीत तो फुटका दगड. त्यावर जुन्या रोमन काळातली अक्षरं, खाली एक भोक, आणि दर शुक्रवारी त्यातून लाल पाणी झिरपायचं. फ्रा चेल्सो नावाच्या भटक्या साधूनं ती अक्षरं वाचून दाखवली, 'एस लाब्रुम.'

"एस म्हणजे संत. हे संत लाब्रो. पापं तुमची, रक्त त्यांचं. प्या."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण घरोघरी मरण बसलेलं. लोकांना तेवढं पुरलं. कोंबड्या, तेल, मेणबत्त्या सगळं त्याच्या खोलीत जाऊ लागलं.

ब्रिजिदा पाववालीनं थोरल्या मुलीला तेच पाजलं आणि शेवटी तिला पुरलं. आता धाकटी नेल्ला कडेवर निपचित पडली होती. त्या शुक्रवारी ब्रिजिदा वाटी घेऊन रांगेत उभी होती, तेव्हा ताद्देओ गुरुजी काठी टेकत आले. जुन्या पोथ्या आणि शिलालेख वाचण्यात जन्म गेलेला माणूस. मला लॅटिन त्यांनीच शिकवलं. आता छाती कफानं भरलेली.

"ब्रिजिदा, ते पाजू नकोस."

"मग काय पाजू गुरुजी, तुमचं व्याकरण?"

रांग हसली.

"पोरी, लाब्रुम म्हणजे धुण्याचा हौद. आणि तो एस संताचा नाही. हौद बांधणाऱ्याच्या नावातलं शेवटचं अक्षर आहे ते. बाकीचं नाव दगडाबरोबर फुटलं."

"मग हे रक्त?"

"वरच्या अंगाला रंगारी शुक्रवारी लाल लोकर धुतात. हौदाचा जुना नळ अजून वाहतोय, ते पाणी त्यातून इथं उतरतं. आज मी त्यांना निळं पिंप ओतायला सांगितलंय."

थोड्या वेळानं दगड निळा रडला. क्षणभर वाटलं, सुटलो. तेवढ्यात चेल्सो ओरडला, "संत कोपले! गुडघे टेका!"

आणि लोकांनी गुडघे टेकले. इतका हताश मी कधीच झालो नव्हतो. गुरुजी भिंतीला टेकून खाली बसले.

एकटी ब्रिजिदा उभी होती. तिनं एसच्या अलीकडच्या खडबडीत कडेवर बोट ठेवलं.

"नाव इथून तुटलंय?"

"हो, इथूनच."

तिनं वाटी नाकाशी नेली. रंग पक्का बसावा म्हणून रंगारी पिंपात मूत घालतात; त्याच कुजक्या मुताचा वास आला.

"थोरलीला हे मी माझ्या हातानं पाजलं," ती म्हणाली, आणि वाटी ओतून दिली.

नेल्ला वाचली. का वाचली, मला ठाऊक नाही, आणि त्याला मी चमत्कारही म्हणणार नाही. पोटात जाणारी घाण थांबली, एवढं खरं. गुरुजी त्याच हिवाळ्यात गेले. त्यांच्या पोथ्या मी शिकवतो. पण त्यांची खरी विद्या ब्रिजिदाकडे आहे. दुकानात कुणी चमत्कार सांगू लागलं की ती पाव हातात धरून ठेवते आणि विचारते, "आधी सांग, कुठून तुटलंय?"

तुम्हीही विचारा. तिनं विचारलं तेव्हा थोरलीसाठी उशीर झाला होता.