निकिताची प्रयुज्य

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येकाने आपापलं माणूस घेऊन यायचं असतं. त्याची चाचणी घ्यायची, गुण मोजायचे, निष्कर्ष सांगायचा. पुस्तकात या माणसाला प्रयुज्य म्हणतात. राहात्याच्या कॉलेजात ती बहुधा कुणाची तरी आत्या नाहीतर वहिनी असते. निकिताची काकू मात्र ऐन वेळी आलीच नाही.

"मॅडम, आजच कांदा काढायला बाया मिळाल्या. काकू न्हाई म्हनाली," निकिता रडवेली होऊन सांगत होती. प्रयुज्य नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष गेलं.

राजेश्वरी मॅडमनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. सकाळी नगरच्या कॉलेजात तास, मग एसटीने राहाता, अंधार पडल्यावर परत भिंगारला घरी. तासिका तत्त्वावर कितीतरी वर्षं हेच चाललं होतं. अंगात त्राण उरलं नव्हतं. मीच बसते, त्या म्हणाल्या. खरं तर बसायला मिळतंय, एवढ्यावरच त्या खूश होत्या.

निकिताच्या वाट्याला ताणाची चाचणी आली होती. समोर बाहेरून आलेले परीक्षक शेळके सर होते, आणि जूनमध्ये पुढच्या वर्षासाठी इथल्या शिक्षकांच्या मुलाखती हेच सर घेणार होते. तेव्हा सगळं छान छान लिहायचं, असं मॅडमनी ठरवलं. पण चाचणीत मेख होती, आणि ती मॅडमनीच वर्गात घसा कोरडा करून शिकवली होती. 'मला कधीच राग येत नाही' असले प्रश्न मधेच पेरलेले असतात. फार गोड उत्तरं दिली की चाचणी बाद, आणि चाचणी बाद म्हणजे निकिता बाद. शिकवलेलं असं अंगाशी येतं. मॅडम चडफडत खरं लिहू लागल्या, आणि एकदा सुरुवात केल्यावर हात थांबेना.

निकिताने बेरीज केली, पुन्हा केली. तिचा चेहरा उतरला. ताण लई जास्त येतोय, ती हळूच म्हणाली. शेळके सरांनी मॅडमकडे न बघताच पुढचा प्रश्न टाकला: अशा व्यक्तीला काय सुचवाल?

याचं उत्तर सगळ्या पोरांना तोंडपाठ होतं. मॅडमनीच उतरवून दिलं होतं: सकाळी फिरावं, छंद जोपासावा, दीर्घ श्वसन करावं. निकिताने मात्र मॅडमच्या खाली ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"त्यांना एकाच कॉलेजात कायम करावं, सर," ती म्हणाली. "सुट्टीचाबी पगार द्यावा. फिरायला येळ कुठंय त्यांना?"

शेळके सर कसनुसं हसले. उत्तरसूची पुढे सरकवून म्हणाले, यात असलं काही नाही, आणि सूची तर मॅडमचीच आहे. शून्य द्यावं लागेल. आधीच डळमळीत असलेली निकिता तेवढ्यानं नापास होत होती. अंतर्गत परीक्षक म्हणून मॅडमची सही झाली की विषय मिटला.

तुम्हाला काय हवंय, हे आजवर मॅडमना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

"सूची चुकली आहे, सर. पोरीचं उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "प्रयुज्य मी आहे. मला विचारा."

सरांनी मुकाट्याने गुण दिले. निकिता पास झाली. जूनमध्ये मुलाखतीला मॅडमना कुणी बोलावलं नाही. राहात्याचे तास गेले, एसटीचा फेरा चुकला. पहिला आठवडाभर त्या नुसत्या झोपून होत्या.