डावा खिसा

काकूंना या प्रकरणातून एकच मिळकत व्हायची होती. धाकट्या बहिणीकडे आठ-दहा दिवस जायचं, दुसऱ्याच्या हातचा चहा प्यायचा आणि दुपारी पाय ताणून पडायचं. लग्न झाल्यापासून ही बाकी पुढच्या वर्षावर ढकलली जात होती. यंदा ती वसूल होणार होती, फक्त काकांच्या छातीत नव्याने बसवलेल्या पेसमेकरची तपासणी ठीक निघायला हवी होती. तोवर त्यांना घरात एकटं सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

थोडक्यात, काकूंची सुटी काकांच्या डाव्या खिशात अडकली होती, कारण मोबाईल तिथे असायचा.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, मशीन डाव्या बाजूला आहे, मोबाईल आणि लोहचुंबक त्याच्यापासून वीतभर तरी लांब ठेवा, फोन उजव्या कानाला लावा. काका जन्माचे वायरमन. ‘मोबाईल’ ऐकल्याबरोबर त्यांनी मनातल्या मनात उलट उत्तर जुळवायला घेतलं आणि काकूंनी त्या उत्तराचं उत्तर. लोहचुंबक बिचारं दोघांच्या मधून निघून गेलं.

“माझा जन्म खांबावर गेला,” काका घरी आल्या आल्या म्हणाले. “ह्या डबीतला करंट मला काय करणार?”

“तुम्हाला काही करणार नाही हो. माझ्या सुटीला करेल.”

त्यानंतर घरात दुसरा विषय राहिला नाही. काका हो म्हणायचे आणि काकूंची पाठ वळली की हात सवयीने डावीकडे जायचा. एकदा फोनवर रुमाल ठेवून वरून साळसूद चेहरा केला. फोन रुमालाखालून वाजला. काकू दिवसभर लोकांचे ब्लाउज बेतायच्या आणि मध्येमध्ये उठून नवऱ्याची छाती चाचपायच्या. शेजारीण म्हणाली, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. काकूंनी तिचा ब्लाउज दोन दिवस उशिरा दिला.

शेवटी त्यांनी प्रत्येक शर्टाला उजवीकडे नवा खिसा लावला. डावा उसवला तर खाली न विटलेल्या कापडाचा चौकोन दिसेल, आणि चष्म्याला कुठेतरी जागा हवीच, म्हणून तो राहू दिला. तरी काकांची कुरकुर होतीच. वाकलं की फोन पडतो. मग काकूंनी गिऱ्हाइकाची पर्स शिवून उरलेल्या मखमलीचं फोनसाठी एक झकास पाकीट शिवलं. त्याला पर्सला लावतात तसलं, टपकन मिटणारं बटणही बसवलं.

पाकीट काकांना भलतंच आवडलं. इतकं की त्यात ठेवल्यावर रिंग ऐकू येत नाही या सबबीवर फोन त्यांनी उजव्या खिशात नुसताच टाकला आणि पाकिटात चष्मा ठेवून ते डाव्या खिशात घातलं. काकूंनी ते पाहिलं. फोन उजवीकडे होता. आपल्या शिवणकामाला नवऱ्याने छातीशी धरलंय, हेही पाहिलं आणि मनातून सुखावल्या. त्यांनी बॅग माळ्यावरून खाली काढली.

काका मात्र सुकल्यासारखे दिसू लागले. विचारलं तर रोज तेच उत्तर, काही नाही.

तपासणीला डॉक्टरांनी मशीनमधली नोंद पडद्यावर उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. जवळजवळ रोज दिवसभर मशीनजवळ चुंबक असल्याचं दिसत होतं. तेवढा वेळ ते हृदयाचं ऐकत नव्हतं, आपल्याच ठरावीक वेगाने ठोके देत होतं. मोबाईल कुठे ठेवता, त्यांनी विचारलं. काकू नवऱ्याकडे अशा वळल्या की डॉक्टरांनीच खुर्ची मागे घेतली. काकांनी मोठ्या रुबाबात उजव्या खिशातून फोन काढला.

“आणि डाव्यात?”

पाकीट टेबलावर आलं. शेजारची टाचणी टुणकन उडाली आणि त्याच्या बटणाला जाऊन चिकटली.

“हे कुठून आणलंत?”

काका काकूंकडे न बघता म्हणाले, “घरचंच काम आहे.”

डॉक्टरांनी पाकीट बाजूला सारलं. मशीन शाबूत होतं. पण धडधड होत होती का, असं विचारल्यावर काकांनी कबूल केलं, दिवसा रोज व्हायची, रात्री शर्ट उतरवला की थांबायची. ती लपवणाऱ्या माणसाला एकटं सोडता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. आणखी महिनाभर कोणीतरी जवळ राहा, मग पुन्हा या.

बाहेर येऊन काकू बाकावर बसल्या. बटण स्वतःच्या हाताने लावलेलं, त्यामुळे ओरडायलाही तोंड नव्हतं.

“होत होतं तर सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू मोबाईलच काढून घेतला असतास.”

ते खरंच होतं. घेतलाच असता.

घरी काकूंनी कात्रीच्या टोकाने बटण उचकटलं. तोवर काकांनी अपराधी मनाने उजव्या कानाला फोन लावून मेहुणीला सगळं सांगितलं होतं. ताईला येता येत नाही तर तुम्हीच या, साडूंनाही आणा, असं आग्रहाचं आमंत्रण देऊन ते विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात आले. बघ, कशी सोय केली.

पाहुणे चौथ्या दिवशी उतरले. काकांना पत्त्यांना जोडीदार मिळाला. साडूंना ऐकायला खांबावरच्या गोष्टी मिळाल्या. धाकटी बहीण दुपारी काकूंच्या खोलीत पाय ताणून पडली. आणि काकूंनी चार कप चहा टाकला.