पाद्री ज्यावर कधी बसले नाहीत तो बाक

मी एक जुना सागवानी बाक आहे. दौंड तालुक्यात, रेल्वे रुळांच्या पलीकडे पाद्रीबंगला आहे, त्याच्या व्हरांड्यात माझा मुक्काम. चर्चच्या छपराचं लाकूड उरलं, त्यातून गेणबा सुतारानं मला घडवलं. मित्रांनो, तेव्हापासून माझा एकच नेम होता. दारी आलेल्याला उभं ठेवायचं नाही.

कुणी तापाचं औषध मागायला येई, कुणी मुंबईच्या मुलाचं पत्र वाचून घ्यायला. गावात ज्यांना कुणी ओट्यावर टेकू देत नसे, ती माणसं सवयीनं खाली फरशीवर बसत. पाद्री बाहेर येत आणि म्हणत, "वर बसा. मग बोलू." ते स्वतः उभेच राहत. माझ्यावर ते कधी बसले नाहीत. माझ्या मधोमध जो खळगा आहे, तो या वाट पाहणाऱ्यांनी पाडला. तोच माझा दागिना.

पुढे बंगला ओस पडला. कबुतरांनी मला घाण केलं, कुणी चाकूनं नावं कोरली. त्याचा मला राग नाही. राग आहे तो नंतर मिळालेल्या मानाचा.

२००३ साली बंगला वारसास्थळ झाला. मला पॉलिश झालं, पुढे दोरी आली आणि पाटीही लागली : 'पाद्रीसाहेबांचे आसन. कृपया बसू नये.' पाहुणे खळगा बघून म्हणत, "साहेब किती बसत असतील, नाही?" मी पडलो लाकूड. आतल्या आत तडकत राहिलो.

एका दुपारी खुटबावची सोजरबाई नातीच्या खांद्यावर हात ठेवून आली. लहानपणी ती आईबरोबर आली होती, पुढे पाद्रींकडे अक्षरं शिकायलाही येई. आईनं आधी फरशीवरच बसकण मारली होती, मला पक्कं आठवतं.

"दीक्षा, ह्योच त्यो बाक. तुझ्या पणजीला पहिल्यांदा हितं कुणी 'बसा' म्हणलं. आज तू बी बस माझ्याशेजारी." ती दोरी उचलू लागली.

"आज्जी, पाटी वाचा की," राखणदार हरिबा म्हणाला.

"वाचली. वाचायला हितंच शिकले मी. खोटं लिवलंय. पाद्री कवा बसला यावर?"

"आता पाद्रीला कुठं विचारू मी?"

"मग मला इचार. मी हाय की जित्ती."

हरिबा हसला, मग ओशाळला. "समितीवाले मला बोलतील, आज्जी. माझी खुर्ची घ्या."

"खुर्च्या घरी हायेत, बाबा. खुर्चीसाठी न्हाई आले मी."

तिनं हातातली दोरी सोडली. ती हळूच खाली टेकली, फरशीवर. तिची आई बसली होती, नेमकी तिथंच. दीक्षाही तिच्याजवळ बसली. आणि मी समोर, चकचकीत, रिकामा.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. वाळवीपासून जपा, पावसापासून जपा. पण ज्या कामासाठी ती वस्तू जन्मली, ते काम तिच्याकडून हिरावून घेऊ नका. मी झिजलो तर झिजू द्या. ती दोरी सोडा, ती पाटी उतरवा. आणि पाटी लावायचीच असेल, तर तिच्यावर एकच शब्द लिहा : बसा.