शनिवारचे सात फोन

माझी मम्मी फेडरल न्यायाधीश होणार की नाही, याची सुनावणी बुधवारी दहा वाजता अमेरिकेच्या सिनेटच्या समितीसमोर होती. आणि मम्मी न्यायाधीश झाली नाही तर ते माझ्यामुळे असेल, हे फक्त मला माहीत होतं.

आम्ही ॲडव्हेंटिस्ट, रविवारऐवजी शनिवार पाळणारे ख्रिस्ती. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू, तो शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत. त्या वेळात घरातले सगळे फोन पावाच्या टोपलीत जातात, वरून फडकं. मम्मी भाडेकरूंची वकील, आठवडाभर फोन तिच्या कानाला चिकटलेला. त्यामुळे ती टोपली मला जाम आवडायची. चोवीस तास मम्मी आमची.

गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी, चर्चला निघायच्या जरा आधी, टोपली गुरगुरायला लागली. मम्मी वर केस बांधत होती. मी फडकं उचललं. मम्मीच्या फोनवर नाव होतं मिसेस टेट, तिच्या ऐंशी वर्षांच्या अशील. फोन थांबला, परत आला. असा सात वेळा. त्या दिवशी चर्चमध्ये मी पहिल्यांदाच एकटी गाणार होते. मम्मीने फोन घेतला असता तर ती आलीच नसती. मी फोन उपडा घातला, फडकं सारखं केलं आणि गाडीत जाऊन बसले.

घरमालकाने मिसेस टेटच्या दाराचं कुलूप बदललं होतं. औषधं आत, त्या बाहेर. साडेपाच तास गारठ्यात जिन्यावर बसून होत्या, मग तीन आठवडे हॉस्पिटलात. संध्याकाळी मम्मीने फोन बघितला. "आपण कुणी ऐकलेच नाहीत," ती म्हणाली. मी हो म्हणून मान हलवली.

सुनावणीत घरच्यांना मम्मीच्या बरोब्बर मागे बसवतात, कॅमेऱ्यात दिसतील असं. डॅडी माझ्या कानाशी पुटपुटले, "जरा बाजूला सरक. टीव्हीवर मम्मीच्या खांद्यातून तुझं डोकं उगवल्यासारखं दिसत असेल." एरवी मी खिदळले असते. शाळेच्या वादविवाद संघाची मी कप्तान, माझी जीभ कधी अडत नाही. आज मी नुसती बाजूला सरकले.

सिनेटर क्राउडर आधी गोड बोलले, शब्बाथ, टोपली, सगळं मम्मीकडून काढून घेतलं. मग त्यांनी चष्मा चढवला आणि विचारलं, एखाद्याला देशाबाहेर काढणार आहेत, ते थांबवायचा अर्ज शनिवारी सकाळी आला, तर तुमचा फोन टोपलीत असणार का? मम्मी म्हणाली, आमच्यात जीव वाचवण्याला काम म्हणत नाहीत. आमच्या चर्चची हॉस्पिटलं शनिवारीही उघडी असतात. समितीच्या अध्यक्षबाई मध्ये पडल्या. पदासाठी कुणाच्या धर्माची परीक्षा घ्यायची नाही, असं राज्यघटनेतच आहे. शिवाय गेल्या आठवड्यात सुनावणीला आलेले गृहस्थ दर शनिवारी तळ्यावर मासे धरतात, तिथे फोन लागतही नाही, त्यांना हे कुणी विचारलं का? सगळे हसले. क्राउडरही हसले.

"मासेवाल्याबद्दल मला पत्र आलेलं नाही," ते म्हणाले. "तुमच्याबद्दल आलंय."

पत्र मिसेस टेटच्या भाचीचं होतं. त्यांनी ते सगळं वाचून दाखवलं, फोनांच्या वेळांसकट.

"मिसेस जोसेफ्स, सात फोन. त्यातला एकही तुमच्या घरात कुणी ऐकला नाही?"

"नाही, सिनेटर. कुणीच नाही."

ती शपथेवर खोटं बोलली होती आणि तिला ते माहीतही नव्हतं. हे आज ना उद्या बाहेर पडलं तर न्यायाधीश होणं राहू दे, तिची वकिलीसुद्धा जाईल.

तिथे मागून पुढे चिठ्ठ्या जातात. सकाळपासून मदतनीस बाई मम्मीला चिठ्ठ्या सरकवत होत्या. मी डॅडींच्या खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं: मी ऐकले. मीच फोन उपडा ठेवला. चिठ्ठी मदतनीस बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी ती न वाचताच पुढे दिली.

मला फक्त मम्मीची मान दिसत होती. ती चिठ्ठीवर वाकली, मग वर आली.

"सिनेटर, माझं उत्तर चुकलं," ती म्हणाली. "घरात एकाने ऐकले होते. मला आत्ता कळलं."

"कुणी?"

"ते मी सांगणार नाही."

"तुम्ही शपथेवर आहात."

"शपथ मी घेतलीय, माझ्या घराने नाही. आणि यात माझ्या धर्माचाही दोष नाही. कुणी अडचणीत असेल तर मला हाक मारा, एवढं मी घरात कधी बोललेच नव्हते. नियम शिकवला, अपवाद शिकवायचा राहिला. ही चूक माझी."

क्राउडर तिच्या खांद्यावरून आमच्या रांगेकडे बघायला लागले. कॅमेरेही वळले. आणि मी उभी राहिले. ठरवून नाही, पायच उठले. दारातला रक्षक दोन पावलं पुढे आला.

मागे न बघता मम्मी म्हणाली, "खाली बस, केझाया."

माइक चालू होता. फोन कुणी ऐकले ते सगळ्यांना कळलं.

क्राउडरनी चष्मा काढला. "पुढच्या शनिवारी फोन कुठे असेल?"

"माझ्याजवळ. वाजला तर मी उचलेन."

त्यांनी काहीतरी लिहिलं. बरं की वाईट, चेहऱ्यावरून काही कळेना. मतदान पुढच्या गुरुवारी.

बाहेर डॅडी पुढे चालत होते. मम्मीने माझं मनगट धरलं, जरा जास्तच घट्ट. "रागावलीस?" मी विचारलं.

"खूप," ती म्हणाली. "माझं नंतर बघू. आधी मिसेस टेटना सांग. तू सांगायचंस, मी नाही."

तिने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. त्यांचा कापरा आवाज आला, "कोण?" "केझाया," मी म्हणाले. "त्या शनिवारी तुमचे फोन मी ऐकले होते."